पाळण्यातलं नाव आणि फॉर्मवरचं स्पेलिंग

बारशाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून त्यावर सोन्याच्या अंगठीनं बाळाचं नाव लिहायची रीत पुण्यातल्या पुष्कळ घरांत अजून पाळली जाते. मग 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' होतं, आत्या कानात कुर्रर्र करून नाव सांगते, घुगऱ्या वाटल्या जातात. इथपर्यंत वाद नसतो. वाद सुरू होतो तो संध्याकाळी, नाव इंग्रजीत कसं लिहायचं यावरून. राधाला एक ए लावायचा की दोन? अद्वैतला व्ही की डब्ल्यू? आजोबा म्हणतात, सरळ लिहा. आईवडिलांना ते सरळ वाटत नाही. आणि मला वाटतं, त्यांचं अगदीच चुकत नाही, कारण मराठी नावाला रोमन लिपीत एकच एक सरळ स्पेलिंग कधी नव्हतंच.

खरं तर मराठीतही ते फार जुनं नाही. पेशवाईतला कारभार मोडीत चालायचा, आणि मोडीत ह्रस्व-दीर्घ वेगळं दाखवायची पद्धत नव्हती. शिवाय नावं बोलण्यात झिजायची आणि झिजलेलीच कागदावर यायची. नारायणाचा नारो, विश्वनाथाचा विसाजी, त्र्यंबकाचा त्रिंबक. दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे इतिहासात त्रिंबकजी म्हणूनच राहिला. तो 'चुकीचा' लिहिला गेला असं आज कुणी म्हणत नाही. छपाई आली, बाळबोध लिपी पक्की झाली, तेव्हा कुठे 'शुद्ध' नावाचा आग्रह सुरू झाला. तरीही महात्मा फुल्यांचं नाव जोतीराव, जोतिराव आणि ज्योतिराव अशा तिन्ही तऱ्हांनी छापलेलं आजही सापडतं. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम सरकारनं 1962 साली स्वीकारले. त्यात व्यक्तिनामाचा शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहावा असं ठरलं आणि 'हरि'चा 'हरी' झाला. पारंपरिक नावाची नवी जोडणी त्या वेळी आईवडिलांनी नव्हे, नियमानं केली.

रोमन लिपीची गोष्ट कंपनी सरकारपासून सुरू होते. इंग्रज अधिकारी कानाला येईल तसं लिहायचे. 'अ' ऐकू आला की यू, 'ई' ऐकू आली की डबल ई, 'ऊ' ऐकू आला की डबल ओ. मुंबईचे जगन्नाथ शंकरशेट जे-यूनं सुरू झाले ते त्यामुळेच, आणि शिंदे तर ओळखू येणार नाहीत असे 'सिंदिया' होऊन बसले. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात हा बदल डोळ्यांनी दिसतो. 1831 च्या पहिल्या आवृत्तीच्या शीर्षकात 'मराठी' शब्दात एमनंतर यू आहे आणि शेवटी डबल ई; 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीत तिथे ए आणि आय आले. दुसऱ्या आवृत्तीला हातभार लावणारे मेजर थॉमस कँडी पुण्यातल्या संस्कृत पाठशाळेशी आणि पूना कॉलेजशी जोडलेले होते. मराठीत स्वल्पविराम, अर्धविराम रुळवण्याचं श्रेय त्यांनाच देतात.

पुढे विल्यम विल्सन हंटर या ब्रिटिश अधिकाऱ्याची, भारतीय नावं रोमन लिपीत लिहायची पद्धत भारत सरकारनं 1872 मध्ये मान्य केली. तिच्यात 'अ'साठी साधा ए, आणि 'आ'साठी डोक्यावर खूण असलेला ए. ही पद्धत पुरती पाळली असती तर आजचे निम्मे वाद उद्भवले नसते. पण रोजच्या लिहिण्यात, आणि नंतर टाइपरायटरवर, ती खूण कोण देणार? खूण गळाली, ए उरला. म्हणून एकाच स्पेलिंगमध्ये कमल, कमळ आणि कमाल असे तिघेही बसतात. 'ळ'ला तर जागाच मिळाली नाही. आज आई-बाबा जो दुसरा ए लावतात, तो मला त्या गळालेल्या खुणेची भरपाई वाटतो. राधाचा 'रा' दिल्लीत किंवा डब्लिनमध्ये आखूड म्हटला जाऊ नये, एवढीच त्यामागची इच्छा असते.

हंटरनं रुळलेल्या गावांची नावं मात्र तशीच ठेवली. आपलं शहर कागदोपत्री 'पूना' राहिलं ते 1978 पर्यंत. खडकीच्या युद्धस्मारकाच्या दफनभूमीच्या नावात 'किर्की' अजून आहे, आणि वानवडीच्या इंग्रजी पाट्यांवर 'ड'च्या जागी अजून आर बसलेला दिसतो. अशा पाट्या वाचत वाढलेल्या शहरानं एका बाळाच्या जादा ए-बद्दल फार रागवू नये.

ज्ञ आणि ऋ या दोन अक्षरांचा प्रश्न मात्र वेगळा आहे. 'ज्ञ' आपण द्न्य म्हणतो, हिंदी भाषक ग्य म्हणतात, संस्कृतचे अभ्यासक रोमन लिपीत जे-एन लिहितात. म्हणून ज्ञानेश्वर मराठी माणसाच्या हातून डी-एन-वायनं सुरू होतो, आणि 1962 मध्ये पुण्यात स्थापन झालेली ज्ञान प्रबोधिनी मात्र स्वतःचं नाव जे-एननं लिहिते. दोन्ही आपलीच. 'ऋ'चंही तसंच: आपल्याकडे रु, उत्तरेकडे रि. ऋतुजामधला आर-यू बाहेरच्याला विचित्र वाटतो, पण तो आपल्या उच्चाराशी प्रामाणिक आहे. एखाद्या मुलीनं तो बदलून आर-आय केला तर मला मनापासून वाईट वाटतं. हृषीकेशची कथा तर याहून लांबची. हृषीक म्हणजे इंद्रियं, त्यांचा ईश तो हृषीकेश. संध्येतल्या चोवीस नावांत केशवापासून मोजत गेलं की हा भेटतोच. बोलण्यात 'ह' गळाला, मग लिहिण्यातही गळाला आणि ऋषिकेश झाला. त्या रूपात इंद्रियंही गेली आणि त्यांचा स्वामीही गेला. उरले ऋषी आणि केस. इथे स्पेलिंग नाही, नावच बदललं.

आता अंकशास्त्राकडे येऊ, कारण गेल्या काही दशकांत जादा अक्षरं शिरली ती बरीचशी याच दारानं. पुण्यातल्या अंकज्योतिष्यांकडे जी 'खाल्डियन' पद्धत सर्रास दिसते, ती लोकप्रिय केली कीरो या टोपणनावानं वावरणाऱ्या आयरिश भविष्यवेत्त्यानं. त्याचा काळ 1866 ते 1936. तिच्यात ए, आय, जे यांना 1. बी, के, आरला 2. डी, एम, टीला 4. ई, एच, एनला 5. यू, व्ही, डब्ल्यूला 6. राधा साध्या स्पेलिंगनं 13 होते, म्हणजे 4, आणि 4 म्हणजे राहू. एक ए वाढवला की 14, म्हणजे 5, बुध. अद्वैतची बेरीज 17, म्हणजे 8, शनी. इथे व्हीच्या जागी डब्ल्यू घातला तरी काही हलत नाही, दोघांनाही 6 च. म्हणून ए वाढवून 18 करतात आणि 9 मिळवतात. पण पायथागोरसच्या नावानं चालणारी दुसरी पद्धत घ्या, तिच्यात अक्षरांना ओळीनं 1 ते 9 अंक देतात. तोच साधा अद्वैत तिथे 21, म्हणजे 3. शनी गेला कुठे?

आपल्याकडेही अक्षरांना अंक द्यायची जुनी पद्धत आहे, कटपयादि. क, ट, प, य म्हणजे 1. गणिती संख्या श्लोकात गुंफायला आणि कर्नाटक संगीतातल्या मेळकर्त्यांचे, म्हणजे मूळ रागांचे, क्रमांक लक्षात ठेवायला तिचा उपयोग झाला. तिच्यात व्यंजनाला जोडलेल्या स्वराला किंमतच नाही, म्हणजे कानामात्रा वाढवून अंक बदलायची सोयच नाही. नाव ठेवताना आपली परंपरा बघत आली ती जन्मनक्षत्राच्या चरणाचं अक्षर, आणि ते अक्षर उच्चाराचं असतं. रोमन ए दोनदा लिहून 'रा'चं चरणाक्षर बदलत नाही. आईवडिलांची बाळाबद्दलची काळजी खरी असते, म्हणूनच हे त्यांना कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

पूर्वी स्पेलिंग ठरवायचे शाळेतले गुरुजी. दहावीच्या फॉर्मवर त्यांनी लिहिलं तेच जन्मभर. दोन भावांच्या आडनावांची स्पेलिंगं वेगळी, असं पुष्कळ घरांत आहे. आता ते पहिल्या महिन्यातच ठरतं. जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्यानं जन्माची खबर 21 दिवसांत द्यायची असते. नाव नंतर घालता येतं, नोंदणीपासून 12 महिन्यांत विनाशुल्क, पुढे 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. 2023 ची दुरुस्ती 1 ऑक्टोबरपासून लागू झाली, आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून वाहन परवान्यापर्यंत जन्माचा पुरावा म्हणून जन्म प्रमाणपत्रच धरलं जातं. त्यामुळे तिथे पडलेलं अक्षर पुढे सगळीकडे जातं.

आणि ते अक्षर उलटही फिरतं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पुण्यातच 1988 मध्ये सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था स्थापन झाली, भारतीय लिपींसाठीच्या संकेतप्रणालीवर तिथे मोठं काम झालं आणि 1991 मध्ये त्या प्रणालीला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. देवनागरीतून बंगालीत नाव नेणं यंत्राला सोपं झालं. रोमनमधून देवनागरीत आणताना मात्र यंत्र अंदाज करतं. कुठल्याही फॉर्मवर आधी इंग्रजी नाव टाइप झालं की खालची मराठी ओळ आपोआप भरली जाते, आणि ऋतुजाची रुतूजा होते.

माझ्या नात्यातल्या एका बाळंतिणीला तीन आठवड्यांनी प्रमाणपत्र मिळालं. इंग्रजी स्पेलिंग त्यांनी आठवडाभर खल करून ठरवलेलं, अगदी तसंच होतं. मराठीत छापलं होतं 'रुशिकेश'. ती बाळ सासूबाईंकडे सोपवून त्याच दिवशी नोंदणी कार्यालयात परत गेली, दुरुस्तीचा अर्ज केला, आणि टेबलामागच्या ताईंना कागदावर मोठ्या अक्षरात काढून दाखवलं: ह ला ऋकार, पोटफोड्या ष ला दीर्घ वेलांटी, मग क ला मात्रा आणि शेवटी शहामृगाचा श.