वॉटर पार्कला सहकुटुंब निघताय? गाडी ठरवण्याआधी एवढं वाचा

आम्ही बेळगावात गाड्या भाड्याने देतो. उन्हाळी सुट्टी लागली की आमच्याकडे येणारे बरेचसे फोन एकाच साच्यातले असतात. "पंधरा माणसं आहोत. पहाटे निघू, कोल्हापुरात अंबाबाईचं दर्शन, मग वॉटर पार्क, येताना आदमापूरला बाळूमामा आणि रात्री जेवायला घरी." गाडी द्यायला आमची ना नाही, किलोमीटर वाढले की आमचं बिलच वाढतं. तरी सांगतो, हा बेत करू नका. दर्शनाची रांग तासाची निघते की तीन तासांची, हे कुणाच्या हातात नसतं. वॉटर पार्कचं तिकीट मात्र सहसा पूर्ण दिवसाचंच काढावं लागतं. दुपारी दोनला आत शिरलेलं कुटुंब लॉकर घेऊन, कपडे बदलून पाण्यात उतरेपर्यंत तीन वाजतात आणि पाच-सहाच्या सुमारास शिट्ट्या वाजायला लागतात. दर्शन दुसऱ्या दिवशी ठेवा. अगदीच राहवत नसेल तर काकड आरतीला हजर राहा आणि तिथून थेट पार्कच्या गेटवर चला. आदमापूर त्या दिवशी नकोच. अमावास्या असली तर तिथली गर्दी विचारूही नका.

किती लांब जायचं

आमचा हिशेब सोपा आहे: जाताना अडीच तासांपेक्षा जास्त लागत असेल तर तो एका दिवसाचा बेत नाही. बेळगावहून कोल्हापूर साधारण ११० किलोमीटर, हुबळी शंभराच्या आसपास. दोन्ही बाजू जमतात. निपाणी, संकेश्वर, चिकोडीकडच्यांना कोल्हापूरची बाजू सोयीची. खानापूर, नंदगडकडच्यांना हुबळी-धारवाडची. हायवेवर रुंदीकरणाचं काम चालू असेल तिथे आणि सुट्टीच्या दिवशी कोगनोळी टोलनाक्यावर वेळ जातो, म्हणून अर्धा तास वरचा धरा. गोव्याला चोर्ला घाटातून एका दिवसात जाऊन येता येतं, पण दिवसभर पाण्यात डुंबून, वडापाव खाऊन थकलेलं पोर संध्याकाळी त्या वळणांवर काय करतं ते आमच्या ड्रायव्हरांना विचारा.

वंडरला आणि इमॅजिकाची चौकशी दरवर्षी होते. वंडरला बेंगळुरूच्या पुढे, म्हैसूर रस्त्यावर बिडदीला आहे. इमॅजिका पुण्याच्या पलीकडे खोपोलीला. दोन्हीकडे मुक्काम करावा लागतो. तशी सहल वेगळी आखून देऊ.

दिवस कोणता

आपल्या भागात नातीगोती सीमेच्या दोन्ही बाजूंना. इथल्या शाळांना साधारण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुट्टी लागते आणि मेअखेरीस शाळा भरते. कोल्हापूरकडच्या मामेभावंडांची सुट्टी मेमध्ये सुरू होऊन जूनच्या मध्यापर्यंत चालते. सगळी पोरं एकत्र न्यायची तर मे महिनाच उरतो आणि नेमकी तेव्हाच सगळीकडे गर्दी उसळते. म्हणून मेमधला मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार धरा. रविवारी एका स्लाइडसाठी जितका वेळ जिन्यावर उभं राहावं लागतं, तितक्या वेळात बुधवारी चार होतात. फक्त इथलीच मुलं असतील तर एप्रिलचा शेवटचा आठवडा सर्वांत मोकळा. आपल्याकडे दसऱ्याची सुट्टी मोठी असते, महाराष्ट्रात दिवाळीची; त्यामुळे ऑक्टोबरातही आपल्याला गर्दी कमी लागते. तेव्हा पाणी जरा गार असतं एवढंच.

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव येऊ शकतो. पाऊस आला म्हणून पाण्यातल्या माणसाचं काही बिघडत नाही, पण गडगडाट सुरू झाला की सगळ्यांना बाहेर काढतात आणि तेच बरोबर आहे. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास पाण्यात पाऊल टाकायचं नाही. तेवढ्या वेळासाठी गार्डशी भांडू नका. मोठ्या स्लाइड सकाळीच उरकल्या असतील तर वळवाने फारसं नुकसान होत नाही.

आधी दाराच्या चौकटीशी उंची मोजा

मोठ्या स्लाइडना उंचीची अट असते. ती जागेनुसार बदलते, पण बऱ्याच ठिकाणी चार फूट, म्हणजे सुमारे १२२ सेंटिमीटर, ही पहिली पायरी. काहींना त्याहून जास्त. घरी दाराच्या चौकटीला पाठ टेकवून, चपला काढून, प्रत्येक मुलाची उंची मोजा आणि पार्कला फोन करून कुठल्या स्लाइडला किती लागते ते विचारून घ्या. नाहीतर असं होतं: भर उन्हात अर्धा तास रांग, तीन मजले चढून वर, तिथला माणूस पट्टीशी उभं करतो, दोन बोटं कमी पडतात आणि पोरगं सगळ्यांच्या देखत तेच जिने रडत उतरतं. मोठा भाऊ तेवढ्यात खाली पोचून हात हलवत असतो. ही गोष्ट घरीच सांगून टाकली तर मुलं ऐकतात. बालतिकीटही पुष्कळ ठिकाणी वयावर नसतं, उंचीवर असतं, म्हणजे पैशाचा हिशेबही त्याच मोजमापाने होतो.

लहान मुलांसाठी थीमचा भाग वेगळा असतो: चाच्यांचं जहाज, जंगल, किल्ला, त्यावर जाळ्या, पिचकाऱ्या आणि सगळ्यांत वर एक भलीमोठी बादली. बादली भरत जाते तसा तिचा तोल वर सरकतो आणि ठरावीक पातळीला ती आपोआप उलटते. आधी घंटा वाजते आणि खाली पोरं किंचाळत गोळा होतात. पाच-सहा वर्षांच्या मुलाला यातच दिवस पुरतो. त्याला ओढून मोठ्या स्लाइडकडे नेऊ नका.

गरोदर बायका, हृदयविकार, वाढलेलं बीपी, फिट्स, मान-पाठीचं दुखणं किंवा नुकतंच झालेलं ऑपरेशन असेल त्यांनी स्लाइडवर जायचंच नाही. आज्जी-आजोबांना संथ वाहणाऱ्या कालव्यात ट्यूबवर बसून फिरता येतं, गुडघाभर पाण्यात बसता येतं. पाण्यात उतरणारच नसतील तर नुसत्या बघणाऱ्यांचं वेगळं तिकीट आहे का ते आधी विचारा. आणि त्यांना दिवसभर पिशव्या राखायला बसवू नका, त्यासाठी लॉकर आहेत.

कपडे आणि सोनं

नायलॉन किंवा लायक्राचेच कपडे चालतात. यात मुद्दाम अडवणूक कुणी करत नाही: सुती कापड पाणी धरून जड होतं, त्याचे धागे फिल्टरात अडकतात, जीन्सच्या बटणांनी स्लाइडवर चरे पडतात आणि सगळ्यांत वाईट म्हणजे साडीचा पदर किंवा ओढणी कुठेतरी अडकून गळ्याला फास बसू शकतो. पूर्ण बाह्यांचा, पायघोळ असा सेट बायकांसाठी मिळतो. पार्कच्या काउंटरवर भाड्याने घेण्यापेक्षा गणपत गल्लीत किंवा खडेबाजारात आधीच घ्या. पुढच्या वर्षीही कामाला येतो.

सोनं घरी ठेवा. मंगळसूत्र काढायचं जिवावर येतं हे आम्हाला ठाऊक आहे, पण लाटांच्या तळ्यात साखळी तुटली तर ती शोधायला तळं कुणी उपसत नाही. साधी काळी पोत घाला. चष्म्याला मागून दोरी बांधा, कानाचं मशीन लॉकरमध्ये ठेवा.

पाण्यात

गेट उघडायच्या अर्धा तास आधी पोचायचं, म्हणजे बेळगावातून सातच्या आत निघायचं. पहिल्या दीड-दोन तासांत मोठ्या स्लाइड उरका. स्लाइडवर वरचा माणूस सांगेल तसंच बसायचं किंवा झोपायचं, पाय पुढे, हात छातीशी, आणि त्याने खूण केल्याशिवाय निघायचं नाही. खाली उतरणारी जागा रिकामी होईपर्यंत तो थांबवत असतो. जेवणानंतर लाटांचं तळं आणि संथ कालवा.

लाटांच्या तळ्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सर्वांत जास्त बेफिकिरी तिथे होते. खोल टोकाच्या भिंतीआड कप्पे असतात, त्यांत पंख्यांनी हवा कोंडून पाणी ढकललं जातं आणि लाट उठते. काही मिनिटं लाटा, मग विश्रांती. तळ किनाऱ्यासारखा हळूहळू खोल होत जातो, त्यामुळे पोरं कळत नकळत पुढे सरकतात. पहिला भोंगा झाला की लहान मुलांना घेऊन गुडघाभर पाण्यात मागे या. बुडणारं मूल ओरडत नाही, हातही हलवत नाही. तोंड पाण्यालगत, मान मागे आणि शांत. गर्दीच्या आवाजात ते लक्षात येत नाही. म्हणून घरातलं एक मोठं माणूस पोरांवर फक्त नजर ठेवायला, हाताच्या अंतरावर, फोन लॉकरमध्ये ठेवून. वीस-वीस मिनिटांची पाळी लावा: काका, मग आत्या, मग बाबा. "सगळे आहेत ना" म्हणजे कुणीच नसतं. दंडाला बांधायचे हवेचे फुगे हे लाइफ जॅकेट नव्हेत. जॅकेट पार्कमध्ये मागा. पाणी किती खोल ते सांगणाऱ्या पाट्या हुबळीकडे बहुधा कन्नड आणि इंग्रजीत असतात, घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवा.

पाणी चांगलं आहे का हे कसं ओळखायचं? तळाच्या फरशीच्या रेघा स्वच्छ दिसल्या पाहिजेत. डोळ्यांना झोंबणारा उग्र वास म्हणजे क्लोरीन भरपूर आहे, असा समज आहे. खरं उलट असतं: घाम आणि लघवी क्लोरीनमध्ये मिसळली की तो वास तयार होतो. आत उतरण्यापूर्वी शॉवर घ्या आणि लहान मुलांना तासातासाला बाथरूमला न्या. जुलाब झालेल्या मुलाला त्या आठवड्यात नेऊच नका.

खाणं

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. बाळाचं खाणं आणि औषधं सहसा चालतात. यावर आमचा उपाय: गाडीत डबे. जाताना आठच्या सुमारास धपाटे, शेंगाचटणी, दही पोटभर खाऊन घ्या. परतताना दहीबुत्ती नि भडंग. पाण्यात असताना तहान कळत नाही, ऊन मात्र लागतंच. दर तासाला पाणी प्या. जेवल्याबरोबर गोल फिरणाऱ्या स्लाइडवर जाऊ नका.

गाडीबद्दल आमच्या अटी

पंधरा माणसांना सतरा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर लागते. "पोरं मांडीवर बसतील" हे हायवेवर आम्ही चालवून घेत नाही. आमच्या गाड्या पिवळ्या पाटीच्या, म्हणजे भाड्याने चालवायला नोंदलेल्या, महाराष्ट्र आणि गोव्यात चालणाऱ्या परमिटच्या आहेत. ओळखीच्या माणसाची पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने स्वस्त पडते खरी, पण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

ड्रायव्हरला दुपारी झोपू द्या. फोन करून गाडीतून टॉवेल मागवू नका. संध्याकाळचे दोन-अडीच तास त्यालाच जागं राहायचं असतं, बाकी सगळी गाडी घोरत असते. निघायची वेळ पार्क बंद होण्याच्या तासभर आधीची ठेवा, कपडे बदलायच्या खोल्यांसमोर तेव्हा रांग नसते. ओल्या कपड्यांनी सीटवर बसू नये. बसलात तर सीट धुण्याचा खर्च बिलात लागतो, आणि तो आम्ही माफ करत नाही.

बुकिंगला येताना तारीख, माणसांची यादी, कुठून कुठून चढणार आणि मुलांच्या उंच्या लिहून आणा. टोल आणि पार्किंग बिलात वेगळे धरलेले असतात, पावत्या ड्रायव्हरकडून मागून घ्या. मेमधल्या तारखांसाठी निदान दहा दिवस आधी सांगा.