लिफ्टमधला ऑक्सिजन संपत नाही

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आत कुणीतरी हमखास म्हणतं, "ऑक्सिजन संपला तर?" हिशेब करून बघा. १.१ मीटर रुंद, १.४ मीटर खोल, २.२ मीटर उंच लिफ्टमध्ये सुमारे ३,४०० लिटर हवा मावते, म्हणजे ७०० लिटर ऑक्सिजन. शांत उभा असलेला माणूस मिनिटाला पाव लिटर वापरतो. चौघांना तासाला लागतो ६० लिटर. त्यात लिफ्टला झरोके असतात, दाराला फटी असतात.

तरीही क्लॉस्ट्रोफोबिया, म्हणजे बंदिस्त जागेची भीती असलेल्याचा जीव गुदमरतो. ते ढोंग नसतं, आणि कारण रक्तात सापडतं. घाबरल्यावर श्वास भराभर चालतो आणि कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. धमनीतल्या रक्तात त्याचा दाब एरवी ३५ ते ४५ मिलिमीटर पारा असतो. तो काही मिनिटांत ३० च्या खाली येऊ शकतो. हा वायू रक्तात आम्ल तयार करतो, म्हणून तो घटला की रक्ताचा सामू (आम्लता मोजणारा pH) ७.४ च्या वर सरकतो. मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात: कार्बन डायऑक्साइडचा दाब १ मिलिमीटर उतरला की मेंदूचा रक्तपुरवठा साधारण २ ते ४ टक्के घटतो. म्हणून चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी. त्याच वेळी रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन मोकळं कॅल्शियम धरून ठेवतं, नसा उत्तेजित होतात, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात. हिमोग्लोबिनही ऑक्सिजन सहजी सोडत नाही. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ९८-९९ दाखवत असतो आणि माणूस हवेसाठी तडफडत असतो! मग तो आणखी मोठे श्वास घेतो, आणि त्रास वाढतच जातो.

अशा वेळी "खोल श्वास घे" हा सल्ला उलटा पडतो. नाकाने चार आकडे मोजत बेताचा श्वास घ्यावा, सहा आकडे मोजत सोडावा. कागदी पिशवीत श्वास घेऊ नये. त्रास दम्याचा किंवा हृदयविकाराचा निघाला तर ते घातक ठरतं.

कायमच्या सुधारणेसाठी एक्स्पोजर थेरपी. आधी दार उघडं ठेवून लिफ्टमध्ये उभं राहायचं, मग सोबतीने एक मजला, मग एकट्याने. दर वेळी आधी लिहायचं, "दोन मिनिटांत बेशुद्ध पडेन", आणि नंतर ताडून पाहायचं. फसतं ते इथे: भीती शिगेला असताना बाहेर पळालं की मेंदू शिकतो, 'पळालो म्हणून वाचलो'. आधी अल्प्राझोलामची, म्हणजे घबराट शमवणारी गोळी घेतली तर श्रेय गोळीला जातं. गंडेदोरे नि दृष्ट काढण्यात महिने घालवू नयेत; "एका बैठकीत भीती गायब" असं छापणाऱ्यांपासूनही लांब राहावं.

एमआरआयच्या बोगद्याचा व्यास बहुधा ६० सेंटिमीटर असतो, काही यंत्रांत ७०. नाव नोंदवतानाच विचारावं. गुडघ्याचा एमआरआय असेल तर पाय आधी आत जातात. बाहेरचं दिसेल असा आरसा मागावा, हातातलं बोलावण्याचं बटण आधी दाबून पाहावं. गुंगीचं औषध घेतलं तर सोबत माणूस हवा, गाडी चालवायची नाही.

कायद्याचं बळ आहे, पण मर्यादित. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ चं कलम १८ सरकारी सेवेत उपचाराचा हक्क देतं आणि कलम २१(४) मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा द्यायला सांगतं. दावा फेटाळला तर कारण लेखी घ्यावं, कंपनीकडे तक्रार करावी, मग विमा लोकपालाकडे जावं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मानसिक आजार येतो. पण त्याची व्याख्या गंभीर आजारापुरती आहे आणि आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं, त्यामुळे नुसत्या या भीतीवर प्रमाणपत्र मिळणं अवघड. कचेरीत मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र जोडून खालच्या मजल्यावरची किंवा खिडकीजवळची जागा लेखी मागणं जास्त उपयोगी पडतं. तज्ज्ञ कुठे गाठायचा हे कळत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.