चाकं काढली होती ना? मग ५० ते १०० किलोमीटर झाले की नट परत बघून घ्या

गाडी न्यायला आलात की बिलासोबत हा कागद देतो आम्ही, आणि दहातले पाच-सहा जण तरी लगेच विचारतात, "म्हणजे नट नीट आवळले नाहीत का तुम्ही?" विचारणारच, आम्हाला त्याचा राग येत नाही. आवळलेत, टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराला पोचलं की टक् वाजणारा पाना) लावून मोजून आवळलेत. तरीपण परत बघायचेत, आणि ते का हे एकदा समजलं की आम्हाला फोन करून आठवण करायची वेळ येणार नाही.

आधी एक गैरसमज काढून टाकू. बऱ्याच जणांना वाटतं गाडीचं सगळं वजन त्या चार-पाच बोल्टवर लटकलेलं असतं. तसं नसतं. नट आवळला की बोल्ट किंचित ताणला जातो, डोळ्याला अजिबात दिसणार नाही इतका, आणि ताणलेली स्प्रिंग कशी आपल्या जागेवर यायला बघते तसा तो डिस्कला (चाकाची धातूची तबकडी, ब्रेकची डिस्क नव्हे) मागच्या हबवर (गाडीचा फिरणारा भाग, ज्यावर चाक बसतं) दाबून धरतो. चाक जागेवर बसतं ते या दाबामुळे, डिस्क आणि हब एकमेकांना असे घट्ट चिकटून असतात की घसरायला जागाच नसते. आता हा दाब कमी झाला समजा, तर डिस्क हबवर बारीक बारीक सरकायला लागते, सरकली की नट अजून सैल होतो, नट सैल झाला की ती अजून सरकते, आणि मग बोल्टला आडवे धक्के बसतात, रोज हजारो, ज्यासाठी तो बनवलेलाच नाही. एक तुटला की त्याचा भार शेजारच्यावर. सुरुवातीला बरेच दिवस काही कळत नाही आणि शेवटचे दोन-तीन बोल्ट मात्र पटापट जातात.

मग नीट आवळलेला नट सैल होतोच कसा? तो फिरून सुटला असेलच असं नाही, कधी कधी नट जागेवरच असतो आणि त्याच्याखालचं काहीतरी बसलेलं असतं. हबवर गंजाचा पापुद्रा असतो, डिस्कच्या मागे वाळलेली माती असते, नवीन अलॉय चाक असेल तर त्याच्या भोकाशी रंगाचा थर असतो. आवळताना हे सगळं मध्ये चेपलं जातं, आणि मग गाडी खड्ड्यातून गेली, ब्रेक तापले, परत गार झाले, असं दोन-तीन दिवस झालं की त्याचा चुरा होतो. किती जागा मोकळी होते? केसाएवढी पण नाही. पण बोल्ट मुळात ताणला जातो तोच मिलीमीटरच्या छोट्याशा हिश्श्याएवढा, त्यामुळे तेवढ्याने पण दाब चांगलाच उतरतो. आम्ही हब वायर ब्रशने घासूनच चाक चढवतो, तरी पूर्ण शंभर टक्के कोरं काही होत नाही. हे बसणं बहुतेक पहिल्या काही किलोमीटरातच उरकतं, म्हणून ५० ते १०० चा आकडा. त्याच्या आधी बघून फारसा उपयोग नाही आणि हजार किलोमीटर झाल्यावर "अरे हो, राहिलंच" म्हणण्यात पण अर्थ नाही.

आणि हे फक्त मोठ्या सर्व्हिसिंगनंतर नाही हं. पंक्चरसाठी चाक उतरवलं, ब्रेक पॅड बदलले, टायर पुढचे मागे केले, बॅलन्सिंग केलं, रस्त्यात स्टेपनी चढवली, चाक हबवरून सुटलं की झालं, घड्याळ परत शून्यापासून. स्टेपनीवाले सगळ्यात जास्त विसरतात कारण ती घाईत, कडेला उभं राहून, घाम पुसत चढवलेली असते.

आता उलटी बाजू, कारण हे वाचून काही जण उत्साहाने पान्यावर उभेच राहतात. नका राहू. साधा हिशोब, पाना ३० सेंटीमीटरचा आणि त्याच्या टोकावर ७० किलोचा माणूस उभा राहिला तर नटावर २०० न्यूटन-मीटरच्या वर टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, पडतो. छोट्या गाड्यांना लागतो साधारण ८० ते ११०, मोठ्या एसयूव्हीना त्याहून जास्त, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो, तोच धरायचा, शेजाऱ्याच्या गाडीचा नाही. म्हणजे उभं राहून तुम्ही जवळपास दुप्पट आवळलं. एवढं केलं की बोल्ट ताणला जातो तो परत येतच नाही, आटे जातात, आणि पुढच्या वेळी रस्त्यात चाक काढायची वेळ आली की तो नट तुमच्याच्याने हलणार नाही. एअर गनचं, म्हणजे हवेच्या दाबावर नट फिरवणाऱ्या यंत्राचं, पण तेच. गन नुसती नट पळवायला वापरायची, शेवटचं आवळणं हाताने, टॉर्क रेंचनेच. आट्यांना तेल-ग्रीस पण लावू नका, मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलं असेल तरच लावा, कारण आटे बुळबुळीत झाले की रेंचवर आकडा तोच दिसतो आणि बोल्टवर ताण मात्र भलताच जास्त येतो.

घरी बघायचं असेल तर टॉर्क रेंच घेऊन ठेवा, बरीच वर्षं टिकतो. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकं जमिनीवरच, जॅक लावायचा नाही. चाक गार असू द्या, लांबून येऊन लगेच नको. व्हील कॅप काढा, रेंच मॅन्युअलच्या आकड्यावर लावा आणि झटका न देता सावकाश ओढा, टक् आवाज आला की थांबा. दुसऱ्यांदा टक् ऐकायचा मोह होतो सगळ्यांना, आम्हालाही होतो, पण प्रत्येक टक् म्हणजे थोडं जास्तच आवळणं असतं. शेजारी शेजारी जाऊ नका, एक झाला की समोरचा घ्या, पाच असतील तर चांदणी काढतो तसं एक सोडून एक. आणि आधी सैल करून मग आवळायचं नाही, आहे तिथूनच बघायचं. नट न हलता टक् झालं तर उत्तम. थोडासा फिरून टक् झालं तरी काळजी नको, तेवढ्याचसाठी तर बघतोय. पण पाव फेरा वगैरे फिरला, किंवा एकदा आवळलेला नट पुढच्या आठवड्यात परत सैल निघाला, तर नुसता आवळत बसू नका, घेऊन या. तिथे काहीतरी वेगळं असतं, डिस्कला न जुळणारा नट असेल (काहींची बसक, म्हणजे नट डिस्कवर टेकतो तो भाग, निमुळती असते, काहींची गोल, काहींची सपाट, दिसायला सगळे सारखेच), आटे गेले असतील, नाहीतर भोकच मोठं झालं असेल.

टॉर्क रेंच नसेल तर निदान नजर टाका. आम्ही काम झाल्यावर प्रत्येक नटावरून डिस्कवर जाणारी एक पांढरी रेघ मारतो पेंटची, ती सरळ दिसली पाहिजे. तुटलेली, सरकलेली दिसली की नट फिरलाय. रेघ सरळ आहे म्हणजे मात्र सगळं ठीक असं नाही, वर म्हटलं तसं नट न फिरता पण दाब उतरतो, त्यामुळे रेघ बघितली म्हणून रेंच टाळू नका.

ही रेघ आम्ही आधी मारत नव्हतो. ती कशी सुरू झाली ते पण सांगतो, लाज वाटते पण सांगतो. संध्याकाळची वेळ, दोन गाड्या एकदम द्यायच्या होत्या, आमच्या पोराने मागच्या चाकाचे नट हाताने लावले, जॅक खाली घेतला, तेवढ्यात कोणीतरी हाक मारली म्हणून तो गेला, आणि दुसऱ्याने येऊन बघितलं की चाक खाली आहे म्हणजे झालंच असणार, कॅप बसवून गाडी बाहेर. तीन दिवसांनी ते काका परत आले, म्हणाले हळू चालवताना मागून टक टक येते, वेग घेतला की जाते, ब्रेकचं काहीतरी असेल. कॅप काढली तर दोन नट बोटाने फिरत होते. भोकांभोवती घासून घासून चकचकीत कडं पडलं होतं आणि कॅपच्या आत तांबूस भुकटी. डिस्क आणि त्या चाकाचे सगळे बोल्ट आमच्या खर्चाने बदलले, आणि काकांनी आवाज अंगावर काढला नाही यात आमचं काही कर्तृत्व नाही, त्यांचे कान चांगले. तेव्हापासून आवळतो एक आणि रेंच लावून तपासतो दुसरा, आणि रेघ तो दुसराच मारतो.

म्हणून तो आवाज ओळखून ठेवा. हळू वेगात चाकाच्या फेऱ्याबरोबर येणारी टक टक, वळताना खट्, स्टेअरिंगला किंवा सीटखाली आधी नव्हती अशी थरथर, नटाच्या खालून डिस्कवर ओघळलेला तांबडा गंज. चाक नुकतंच काढलेलं असेल आणि यातलं काही जाणवलं तर "घरी जाऊन बघू" करू नका, वेग हळूहळू उतरवा, सुरक्षित जागी बाजूला थांबा आणि बघा. नट सैल असेल तर तिथेच पान्याने आवळून आम्हाला फोन करा. एखादा बोल्ट तुटलेला किंवा नटच गायब असेल तर गाडी तिथून हलवू नका, आम्ही येतो.

आमच्याकडे परत बघायचे पैसे नाहीत, वेळ पण घ्यायला नको, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. फक्त लांबून थेट आलात तर चाकं गार होईपर्यंत थोडं बसावं लागेल. आणि ज्यांच्या अलॉयला लॉक नट (चोरी होऊ नये म्हणून खास चावीनेच सुटणारे) आहेत त्यांनी कृपा करून त्याची चावी आणा, ती नसली की आम्ही चारातले तीनच नट बघू शकतो. बहुतेक वेळा ती डिकीत जॅकच्या पिशवीत असते, नाहीतर डॅशबोर्डच्या कप्प्यात सगळ्यात खाली, जुन्या बिलांच्या मागे.