रक्षा, सिमेंट आणि बार्नॅकलचे पिल्लू

खानापूरच्या मलप्रभा घाटावर रक्षाविसर्जनाला उभे राहिले, की रक्षेची बारीक पूड प्रवाहाबरोबर निघून जाते आणि अस्थींचे पांढरे तुकडे मात्र पायरीलगत पडून राहतात, हे पुष्कळांनी पाहिले असेल. समुद्रतळाशी रक्षेची दफनभूमी उभारून तिथली जीवसृष्टी पुन्हा फुलवण्याची एका कलाकाराची कल्पना वाचली, तेव्हा मला तेच तुकडे आठवले. रक्षेवर मासे पोसतात, असे आपल्याकडेही म्हणतात. पण दहनानंतर उरते ते मुख्यत्वे कॅल्शियम फॉस्फेट, आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. नाशिकच्या रामकुंडात अस्थी विरतात अशी श्रद्धा आहे खरी, परंतु कॅल्शियम फॉस्फेटला तीर्थ ओळखता येत नाही.

तरीही ती कल्पना टाकाऊ नाही. अमेरिकेत फ्लॉरिडाच्या किनाऱ्याजवळ, सुमारे १२ मीटर खोलीवर, रक्षा सिमेंटमध्ये कालवून घडवलेली स्मृतिस्थळे २००७ पासून आहेत आणि त्यांच्याभोवती मासे जमतात. मात्र हे श्रेय रक्षेचे नव्हे, टणक पृष्ठभागाचे आहे.

गोव्याच्या खडकांवर अनवाणी चालताना तळपाय कापणारे बार्नॅकल, म्हणजे खडकाला चिकटून राहणारा कवचधारी सागरी जीव, घ्या. त्याचे शेवटच्या अवस्थेतले पिल्लू जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे असते आणि काहीही खात नाही. साठवलेल्या चरबीवर तग धरून ते दोन स्पर्शिकांवर चालत जागा चाचपते, खडबडीतपणा, तिथला जिवाणूंचा बुळबुळीत थर आणि आधी वसलेल्या भाऊबंदांची रासायनिक खूण तपासते, आणि एकदा डोके चिकटवले की जन्मभर हलत नाही. वाळूवर त्याला हा आधार मिळत नाही.

सिमेंटवर मिळतो, पण लगेच नाही. ताज्या सिमेंटमधून चुना पाझरतो; पृष्ठभागाचा सामू (आम्ल-अल्कपणा मोजणारा अंक, पीएच) १२ च्या वर आणि समुद्राचा सुमारे ८.१ असल्यामुळे हायड्रॉक्साइड आयनांचे प्रमाण जवळपास दहा हजार पट होते, कारण सामू एका अंकाने वाढला की हे प्रमाण दहा पट होते; इतका अल्कपणा कोवळ्या जीवांना सोसत नाही. म्हणून मिश्रणात फ्लाय ॲश (कोळशावरच्या वीजकेंद्रांतली राख) किंवा सिलिका फ्यूम (सिलिकाची अतिसूक्ष्म पूड) घालतात. त्यांतील सिलिका मोकळ्या चुन्याशी संयोग पावून त्याला बांधून टाकते.

असे सिमेंटचे ठोकळे कुठेही सोडून मात्र चालत नाही. काळी नदीच्या मुखाशी, कारवारजवळच्या गाळात, ते रुततील आणि वर बसलेले जीव गाळाखाली गुदमरतील. मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाभोवती तर मुळातच खडक आणि प्रवाळ आहेत, तिथे ते टाकले तर असलेले प्रवाळच चिरडले जातील.