काळी असूनही हलकी : प्युजेट साउंडच्या माळांची पार्श्वभूमी

1841 च्या अखेरीस कॅनडातल्या रेड रिव्हर वसाहतीतून निघालेली काही कुटुंबं रॉकी पर्वत ओलांडून फोर्ट निस्क्वालीला पोचली. आजच्या अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, प्युजेट साउंड या समुद्राच्या खाडीकाठी, टकोमा शहराच्या दक्षिणेला हे ठाणं होतं. हडसन्स बे कंपनी या ब्रिटिश व्यापारी कंपनीने त्यांना शेती करण्यासाठीच आणलं होतं. आजूबाजूला घनदाट जंगल आणि मध्येच हा मोकळा माळ. झाड तोडायला नको, बुंधा उपटायला नको, आणि माती काळीभोर. तरीही दोनेक वर्षांत त्यातली बहुतेक कुटुंबं तिथून उठून दक्षिणेला विलामेट नदीच्या खोऱ्यात गेली.

आपल्याकडे काळी म्हणजे भारी, हे समीकरण पक्कं आहे. बेसॉल्ट झिजून झालेली आपली काळी माती चिकण असते, पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. निस्क्वालीच्या मातीत काळेपणा होता, चिकणपणा नव्हता. ओली माती मुठीत दाबली तर गोळा व्हायचा. अंगठ्याने पट्टी काढायला गेलं की तुटायची. वाळूमिश्रित पोयट्याची ही ओळख. शिवाय त्यात गोटे भरपूर. हात-सव्वा हात खोल गेलं की खाली नुसती खडी आणि वाळू.

ही खडी बर्फाने आणली. सुमारे 17 हजार वर्षांपूर्वी उत्तरेकडून सरकत आलेल्या बर्फाच्या थराची एक जीभ ऑलिंपिया शहराच्या थोड्या दक्षिणेपर्यंत पोचली होती. आज सिअॅटल आहे तिथे बर्फाची जाडी जवळजवळ एक किलोमीटर होती. बर्फ वितळू लागला तेव्हा समुद्राकडची उत्तरेची वाट बर्फानेच अडवलेली होती, म्हणून पाणी नैऋत्येला चेहेलिस नदीच्या खोऱ्यातून पॅसिफिकला जाऊन मिळालं. वाहत्या पाण्याने माल चाळून काढला. गाळ आणि चिकणमाती दूर गेली, गोटे आणि वाळू मागे राहिली. प्रवाहांनी पुढे आपणच टाकलेल्या थरांत नवी पात्रं कोरली, आणि जुनी पातळी वर पायरीसारखी सपाट उरली. माळ पसरले ते अशा पायऱ्यांवर आणि खडीच्या मैदानांवर.

त्या खडीवर ज्वालामुखींची राख येऊन पडत राहिली. त्यांतला पूर्वेचा माउंट रेनियर स्वच्छ दिवशी माळावरून समोरच दिसतो. राखेतली खनिजं कुजलेला पाला-मुळं घट्ट धरून ठेवतात. गवताची मुळं, जळक्या गवताचा कोळसा आणि ही राख, यांतून काळा थर तयार झाला. अमेरिकेच्या मृदा सर्वेक्षणात या मातीला तिथल्याच एका गावावरून ‘स्पॅनवे’ हे नाव आहे, आणि राखेमुळे तिची गणना ज्वालामुखीजन्य मातींत होते.

निचरा ‘चांगला’ या शब्दाच्याही एक पायरी पुढचा, म्हणजे काहीसा अतिच. वरच्या थरात पाणी झटपट मुरतं, खालच्या खडीत तर थांबतच नाही. या भागात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस होतो, पुण्यापेक्षा जास्त. पण तो पडतो मुख्यतः ऑक्टोबर ते एप्रिल, पीक उभं नसताना. जुलै-ऑगस्ट मिळून जेमतेम पन्नासेक मिलिमीटर. डाळिंबवाला आपला शेतकरी अशा जमिनीला नावं ठेवणार नाही, पण त्याच्याकडे ठिबक आहे. रेड रिव्हरच्या कुटुंबांकडे बैल आणि बियाणं होतं.

एवढ्या कोरड्या जमिनीवर झाडं येतच नसावीत, म्हणून माळ मोकळा राहिला, असं वाटणं स्वाभाविक आहे. ते अर्धंच खरं. डग्लस फर हा सुईसारख्या पानांचा उंच वृक्ष इथे रुजतो, आणि मोकळं सोडलं तर काही दशकांत माळ गिळतो. त्याला अडवलं ते निस्क्वाली आणि शेजारच्या इतर आदिवासी लोकांनी लावलेल्या आगींनी. दर काही वर्षांनी ते माळ जाळत. त्यामुळे कॅमस नावाचा निळ्या फुलांचा कंद जोमाने येई. बायका टोकदार काठीने तो उकरत आणि दगड तापवून केलेल्या खड्डाभट्टीत दीड-दोन दिवस भाजत. तेवढ्या वेळात त्यातलं न पचणारं इन्युलिन साखरेत बदले. गवत आणि ओक मोकळे राहत, हरणं येत, पुढे घोडेही चरू लागले. गोऱ्यांना जे ‘तयार रान’ दिसलं, ते पिढ्यान्‌पिढ्या राखलेलं होतं.

कंपनीचं ठाणं इथे 1833 मध्ये बसलं. 1839 मध्ये तिने अलास्कातल्या रशियन कंपनीला धान्य पुरवण्याचा करार केला आणि त्यासाठी प्युजेट साउंड अॅग्रिकल्चरल कंपनी उभी राहिली. वाटणी बोलकी आहे : गहू मुख्यतः दक्षिणेच्या काऊलिट्झ फार्मवर, जिथे तो बर्फ पोचलाच नव्हता, निस्क्वालीच्या माळावर मेंढ्या आणि गुरं. डॉक्टर विल्यम टॉल्मी 1843 पासून इथला कारभार बघत होते. जनावरांची संख्या हजारांत गेली, आणि त्यांच्या खुरांखाली कॅमसचे ताटवे तुडवले गेले.

पुढचा संघर्षही जमिनीच्या प्रतीवरूनच पेटला. डिसेंबर 1854 मध्ये अमेरिकन सरकारशी झालेल्या मेडिसिन क्रीकच्या करारात निस्क्वालींना मिळाली ती जंगलातली खडकाळ उंचवट्याची जागा, ना माळ ना नदीकाठ. घोडे चारायचे कुठे? 1855-56 ची लढाई याच प्रश्नातून झाली. त्यांचा पुढारी लेशाय याला 1858 मध्ये फाशी दिली गेली. 2004 मध्ये एका खास ऐतिहासिक न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवलं. लढाईनंतर आरक्षित जमीन वाढवून नदीकाठी आणि माळावर आणली गेली. 1917 मध्ये पहिल्या महायुद्धासाठी कॅम्प लुइस उभारायचा ठरला, तेव्हा तिचाही सुमारे दोन तृतीयांश भाग सक्तीने काढून घेतला. सपाट, चिखल न होणारी, पावसाळ्यातही कवायतीला चालणारी जमीन लष्कराला हवीच होती.

याच माळांवर, ऑलिंपियाच्या नैऋत्येला, एक कोडं आहे : माइमाचे उंचवटे. माणसाच्या उंचीपर्यंतचे शेकडो गोल ढिगारे. 1841 मध्येच अमेरिकन आरमाराच्या चार्ल्स विल्क्स यांनी ती थडगी असतील म्हणून काही खोदून पाहिली. खाली गोट्यांची फरसबंदी तेवढी निघाली. कुणी भूकंपाने थरथरलेली माती म्हणतं, कुणी गोफर नावाच्या बिळं करणाऱ्या प्राण्याकडे बोट दाखवतं. गोफरचा तर्क 1942 मध्ये मांडला गेला, 2014 मध्ये संगणकावरच्या प्रतिकृतीने त्याला बळ दिलं. माझं मत गोफरच्या बाजूने. खाली खडी, वर हात-सव्वा हात माती; बिळासाठी पुरेशी खोली नसेल तर तो बिचारा माती ढकलून ढीगच करणार.

आज या माळांचा दहावा हिस्साही उरलेला नाही. घरं, रस्ते आणि फरची झाडं बाकीचं घेऊन बसली आहेत. खडीच्या एका जुन्या खाणीवर चेंबर्स बे हे गोल्फ मैदान झालं, आणि 2015 ची यूएस ओपन तिथे खेळली गेली. उरलेल्या माळांतला उत्तम तुकडा लष्कराच्या तोफखाना सरावक्षेत्रात आहे. गोळे पडतात, गवत पेटतं, फरची रोपं जळतात, आणि वसंतात तिथे कॅमस फुलतो.