टॅनरी गेली, आज्जाचा कागद कुठं शोधायचा? कोल्हापूरच्या चांभार-ढोर कुटुंबांसाठी जातीचा दाखला आणि पडताळणीची माहिती

आमच्या घरात आज्जाची रापी आहे, दोन आऱ्या आहेत, चामडं कुटायचा दगड आहे. पण आज्जा १९५० च्या आधी कोल्हापुरात राहत होता, असं सांगणारा एकही कागद नव्हता. पुतण्याच्या प्रवेशासाठी जात पडताळणी करायची वेळ आली तेव्हा हे कळलं.

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे तिचं मूळगाव म्हणून सरकारी कागदावर आले. ती चप्पल शिवणाऱ्याला मात्र स्वतःचं मूळगाव सिद्ध करायला वर्ष-वर्ष हिंडावं लागतं. मी हिंडलो, आणि सुरुवात नेमकी उलट्या टोकाकडून केली, त्यात दोन महिने गेले. तुमचे ते दोन महिने वाचावेत म्हणून हे लिहितोय.

टॅनरीच्या मागं लागू नका

घरात गोष्ट एकच ऐकलेली, आज्जा टॅनरीत होता. म्हणून मी आधी टॅनरी शोधायला निघालो. कोल्हापुरात कातडी कमावायचं काम जवाहरनगर-सुभाषनगर भागात चालायचं. कातडं आधी चुन्याच्या हौदात, मग केस खरवडायचे, मग कातड्याची पिशवी शिवून तिच्यात बाभळीची साल आणि हिरड्याचं पाणी भरून ती टांगायची. पिशवीतून पाणी ठिबकत राहायचं, वरून पुन्हा भरत राहायचं. त्या हौदांवर आता घरं आहेत. कातडं चेन्नईकडून तयार होऊन येऊ लागलं, २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर इथलं कच्चं कातडं आणखी आटलं, आणि उरलेले हौदही बुजले.

अशा कारखान्यात हजेरीपट शोधणं म्हणजे वेळ घालवणं. मजुरी हातावर, हिशेब मालकाच्या वहीत, आणि वही मालकाबरोबर गेली. शेतकरी कुटुंबाकडे निदान सातबारा, फेरफार, हक्कनोंद असते. आपल्यातल्या बहुतेकांकडे जमीनच नव्हती, त्यामुळे तहसीलच्या खिडकीवर ‘जुना उतारा आणा’ म्हणतात तो आपल्याला मिळत नाही. आपला माणूस कागदावर आला तो शाळेत, नाहीतर जन्म-मृत्यूच्या वहीत. शोध तिथूनच सुरू करा.

नेमकं काय सिद्ध करायचं असतं

कागद दोन आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. पहिला जातीचा दाखला, तो उपविभागीय अधिकारी देतात. दुसरं जात वैधता प्रमाणपत्र, ते जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती देते. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाचं कर्ज किंवा रस्त्याकडेला चपला शिवणाऱ्या गटई कामगाराला मिळणारा पत्र्याचा स्टॉल, यासाठी पहिला कागद लागतो. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश, सरकारी नोकरी, राखीव जागेवरची निवडणूक, इथं दुसराही लागतो.

अनुसूचित जातींसाठी मानीव दिनांक १० ऑगस्ट १९५०. राष्ट्रपतींचा आदेश त्या दिवशी निघाला. त्या तारखेला तुमचे वडील, आज्जा किंवा पणजा आजच्या महाराष्ट्रात राहत होते आणि त्यांची जात अमुक होती, एवढं दाखवायचं असतं. विमुक्त-भटक्यांसाठी हीच तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ आहे. शेजाऱ्याचा अर्ज १९६५ च्या कागदावर झाला म्हणून आपलाही होईल, असं समजू नका. दाखला मिळण्यासाठी अर्जदार हिंदू, शीख किंवा बौद्ध असावा लागतो, हीही अट त्याच आदेशातली.

जातीचं नाव इथं नीट बघा. चांभार, चर्मकार, मोची, रोहिदास, समगार, हरळय्या ही नावं यादीत एकाच नोंदीत येतात. ढोर, कक्कय्य ही नोंद वेगळी. होलार वेगळी. कोल्हापुरात कातडं कमावणारे ढोर आणि चप्पल शिवणारे चांभार, पण बाहेरच्याला दोन्ही सारखेच वाटतात, आणि सेतू केंद्रातला मुलगा सगळ्यांच्या अर्जात ‘चर्मकार’ टाकून मोकळा होतो. जुन्या रजिस्टरात ‘ढोर’ आणि अर्जात ‘चर्मकार’ असेल तर पडताळणीत अडकलाच म्हणून समजा. जुन्या कागदावर जे नाव आहे, त्याच नावाचा दाखला मागा.

शाळेचं रजिस्टर

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सरसकट सगळ्या शाळांत घ्यायचा हुकूम काढला. त्याचा आपल्याला आज होणारा उपयोग असा, की १९२०-३० च्या सुमारास संस्थानात वाढलेल्या चांभाराच्या पोराचं नाव शाळेत लागलेलं असण्याची शक्यता इतर कुठल्याही कागदापेक्षा जास्त. चौथीपर्यंत टिकला नसेल, पण नाव घातलेलं असतं.

मागायचं काय? ‘जनरल रजिस्टरचा उतारा’ किंवा ‘प्रवेश-निर्गम उतारा’. जुनी माणसं त्याला दाखल-खारीज म्हणतात. शाळा सोडल्याचा नवा दाखला लिहून देतो म्हणाले तर तोही घ्या, पण त्याच पानाची साक्षांकित झेरॉक्स हट्टानं मागा, कारण समितीला मूळ शाईची नोंद बघायची असते. शाळा बंद पडली असेल तर रजिस्टर संपत नाही. महापालिकेची शाळा असेल तर प्राथमिक शिक्षण समितीकडे, जिल्हा परिषदेची असेल तर ती ज्या शाळेत विलीन झाली तिथं किंवा गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे विचारा.

मला एका शाळेत पहिल्यांदा ‘जुनं सगळं वाळवीनं खाल्लं’ असं सांगितलं. तोंडी. मी माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. त्यानंतर कपाटाच्या वरच्या खणात दोन रजिस्टरं सापडली. एकाचा पुठ्ठा गेलेला, पण पानं शाबूत. अर्ज टाकताना ‘माझ्या आजोबांची माहिती द्या’ असं मोघम लिहू नका. ‘सन १९२५ ते १९४० या काळातील प्रवेश रजिस्टरचे अवलोकन करू द्यावे व निवडलेल्या पानांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात’ असं लिहा. उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं तर त्याच कार्यालयात पहिलं अपील. आणि खरंच रजिस्टर नसेल तर ‘अभिलेख उपलब्ध नाही’ हे लेखी घ्या, पुढं तेही उपयोगी पडतं.

रजिस्टर समोर आलं की आडनाव शोधत बसू नका. त्या काळी आडनाव असेलच असं नाही. ‘रामा बिन सटवा चांभार’ अशा धाटणीची नोंद असते. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. मी नावावरून तीन वेळा पान उलटून पुढं गेलो आणि चौथ्यांदा शेवटच्या रकान्यामुळं थांबलो. ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘टॅनरीत कामास’. दोन महिने बाहेर शोधत होतो ती टॅनरी शाळेच्या वहीत निघाली.

जन्म-मृत्यूची वही आणि मोडी

खेड्यातल्या घराण्यांसाठी दुसरा मोठा आधार म्हणजे गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक. कापशीची चप्पल प्रसिद्ध आहे, तशी कागल-कापशीकडून शहरात आलेली बरीच घरं आहेत. त्यांनी त्या-त्या तहसीलच्या अभिलेख कक्षात गावाचं नाव आणि अंदाजे सालं देऊन नमुना १४ च्या नकलेचा अर्ज करावा. यात बापाचं नाव आणि जात असते, पण जन्मलेल्याचं नाव बहुतेकदा नसतं, नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. म्हणून आज्जाच्या जन्माबरोबर त्याच्या भावंडांच्या आणि पणज्याच्या मृत्यूच्या नोंदीही काढा. तीन-चार नोंदी एकमेकींना जोडल्या की वंशावळ उभी राहते. शहरातलं घर असेल तर हेच रजिस्टर महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात बघायचं.

जुनी पानं मोडी लिपीत असतात. घाबरायचं कारण नाही. पानाची साक्षांकित प्रत घ्या आणि अधिकृत मोडी वाचकाकडून देवनागरी लिप्यंतर करून दोन्ही जोडा. नुसतं लिप्यंतर जोडलं तर मूळ कुठाय असं विचारतात. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्यभर जुनी दप्तरं उघडली गेली, त्यामुळं मोडी वाचणाऱ्यांकडे गर्दी असते. वेळ धरून चला.

कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानी दप्तर आहे. संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं, त्याआधीचा कारभार तिथं बघायला मिळतो. रायबाग आज बेळगाव जिल्ह्यात असलं तरी ते कोल्हापूर संस्थानात होतं, तिकडच्या घरांनी हे ध्यानात ठेवावं. एका माणसाची नोंद तिथं सरळ हाती लागेल अशी आशा ठेवू नका, पण टॅनरी किंवा वस्तीचा संदर्भ हवा असेल तर जागा तीच.

टॅनरीचा नाद सुटतच नसेल तर दोन रस्ते आहेत. चर्मकारांच्या औद्योगिक सहकारी सोसायट्या होत्या, त्यांचं सभासद रजिस्टर, ज्याला सहकारात ‘आय नमुना’ म्हणतात, ते सोसायटी अवसायनात गेली असेल, म्हणजे गुंडाळायला काढली असेल, तर उपनिबंधक कार्यालयाकडे विचारता येतं. दुसरं, हौदांच्या जागेची मिळकत पत्रिका नगर भूमापन कार्यालयात. ही दोन्ही पूरक पुराव्यातच धरा.

निपाणी-अथणीहून आलेल्यांसाठी

इथं सगळ्यात जास्त अर्ज कोसळतात. चपलेचा धंदा सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच, सोयरीकही एकच. पण १० ऑगस्ट १९५० ला घर आजच्या कर्नाटकातल्या गावी असेल आणि त्यानंतर कोल्हापुरात आलं असेल, तर महाराष्ट्राच्या सवलतींसाठी तुम्ही पात्र धरले जात नाही. तुमची जात तुमच्या मूळ राज्यात मोजली जाते. वडिलांच्या कर्नाटकातल्या दाखल्यावरून इथं स्थलांतरिताचा दाखला मिळतो, तो केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठी चालतो. इथला जन्म, इथलं रेशनकार्ड, तीस वर्षांचं वास्तव्य, कशानंही यात फरक पडत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं, पण अर्ज भरताना वाटण्याला किंमत नाही. तारीख लपवू नका. खोटा दाखला घेतल्यास सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा दोन हजार ते वीस हजार रुपये दंड किंवा दोन्ही आहे, शिवाय मिळालेली जागा जाते ती वेगळीच.

अर्ज

दाखल्याचा अर्ज आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रातून करायचा. तो तुम्ही आज राहता तिथं करायचा नसतो, पूर्वज मानीव दिनांकाला जिथं राहत होते तिथल्या उपविभागात करायचा असतो. पुण्या-मुंबईत स्थायिक झालेल्यांनी धारावीतून किंवा हडपसरमधून अर्ज टाकून तो परत येण्याची वाट बघू नये. सोबत ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, तुमचा शाळेचा दाखला, वडिलांचा दाखला किंवा उतारा, आज्जा-पणजाचा १९५० पूर्वीचा उतारा आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडायचं. लग्न झालेल्या बाईची जात माहेरून धरतात, म्हणून कागद वडिलांच्या बाजूचे आणि नाव बदलल्याचा पुरावा म्हणून विवाह नोंदणी किंवा राजपत्र. सासरचे कागद जोडून अर्ज फेटाळून घेतलेल्या बायका मी पाहिल्यात.

प्रतिज्ञापत्राला पाचशेचा स्टॅम्प लागतो असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. अशा दाखल्यांसाठी मुद्रांक शुल्क माफ आहे, २०२५ मध्ये सरकारनं ते पुन्हा जाहीर केलं.

पडताळणीचा अर्ज बार्टीच्या (डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्था) ऑनलाइन प्रणालीवर भरायचा. विद्यार्थ्यानं महाविद्यालयाच्या सही-शिक्क्याचा नमुना १५ अ, वंशावळीसाठी नमुना ३ आणि नमुना १७ चं शपथपत्र जोडायचं. बारावीचा निकाल लागेपर्यंत थांबू नका, अकरावीतच कागद गोळा करायला घ्या. वडिलांच्या बाजूच्या रक्तातल्या कुणाकडे, चुलता, आत्या, चुलतभाऊ, आधीच वैधता असेल तर तिची प्रत सगळ्यात वर ठेवा, अर्ध्याहून जास्त काम तिथंच होतं.

कागदांनी समितीचं समाधान झालं नाही तर दक्षता पथक घरी आणि शाळेत चौकशीला येतं. रीतीरिवाज, देव, सोयरीक कुठं, असं विचारतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बोलू द्या, मध्ये तोंड घालू नका. चौकशी अहवालाची प्रत मिळते, त्यावर लेखी खुलासा करता येतो. उपविभागीय अधिकाऱ्यांनी दाखला नाकारला तर ३० दिवसांत अपील आहे. समितीच्या निर्णयावर अपील नाही, थेट उच्च न्यायालयात रिट करावी लागते. त्यासाठी आता मुंबईची गाडी धरायला नको, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच सर्किट बेंच बसतं.

जुन्या उताऱ्याच्या साक्षांकित प्रती एकदम चार-पाच काढून ठेवा. शाळेत पुढच्या वेळी दुसरे मुख्याध्यापक असतात आणि कपाटाची किल्ली तिसऱ्याकडे.