काचेत हरवणारा उजेड आणि तीन लाखांचा हेडसेट

‘एक भारी हेडसेट आणला की झेडपीच्या शाळेला प्रयोगशाळा लागतच नाही’ असे हल्ली सर्रास ऐकू येते. मिक्स्ड रिॲलिटी हेडसेट म्हणजे डोळ्यांवर चढवायचे पडद्याचे यंत्र. तो समोरची खोली कॅमेऱ्यांतून दाखवतो आणि त्याच खोलीत धडधडते हृदय किंवा उघडे इंजिन उभे करतो. त्यातला सर्वांत गाजलेला ॲपल व्हिजन प्रो फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत ३,४९९ डॉलरला विक्रीस आला. तेव्हाच्या दराने हे सुमारे २ लाख ९० हजार रुपये होतात, कर वेगळा. एवढे पैसे कशाचे? त्यातले बरेचसे उजेडाचे, तेही वाटेत हरवणाऱ्या उजेडाचे.

डोळ्याला साधारण २५ सेंटिमीटरच्या आतले स्पष्ट दिसत नाही, हे दहावीत शिकवतात. हेडसेटचा पडदा तर डोळ्यापासून काही सेंटिमीटरवर असतो. साधे बहिर्वक्र भिंग वापरले तर पडदा आणि भिंगात बरेच अंतर ठेवावे लागते आणि नाकासमोर डबा लोंबतो. म्हणून नव्या हेडसेटमध्ये ‘पॅनकेक’ भिंग असते. त्यात प्रकाश त्याच फटीतून पुढे, मागे, पुन्हा पुढे असा तीनदा जातो आणि जाडी वाचते.

किंमत मात्र उजेडात मोजावी लागते. पडद्यावरचा प्रकाश आधी अर्धपारदर्शक आरशावर येतो. निम्मा पलीकडे जातो, निम्मा परततो. पुढे ध्रुवणानुसार, म्हणजे प्रकाशलहरी कोणत्या दिशेने हलतात त्यानुसार, प्रकाश सोडणारा किंवा परतवणारा दुसरा आरसा असतो. तो या प्रकाशाला मागे पाठवतो आणि अर्धपारदर्शक आरशावर पुन्हा निम्मा वाया जातो. मधल्या पाव-तरंग पट्टी नावाच्या पातळ थराने ध्रुवणाची दिशा वळलेली असते, म्हणून या खेपेला दुसरा आरसा त्याला वाट देतो. उरला पाव हिस्सा. ओएलईडी, म्हणजे ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो अशा पडद्याचा प्रकाश मुळात अध्रुवित, सगळ्या दिशांचा मिसळलेला; त्यामुळे त्यातला निम्मा पहिल्या ध्रुवकातच, म्हणजे एकाच दिशेचा प्रकाश सोडणाऱ्या चाळणीतच अडतो. डोळ्यापर्यंत फार तर आठवा हिस्सा पोचतो.

शिवाय मान वळवताना चित्र फरफटू नये म्हणून पडदा प्रत्येक चित्राच्या वेळेत थोडाच वेळ पेटवतात. सेकंदाला ९० चित्रे म्हणजे एका चित्राला ११ मिलिसेकंद. त्यातले २ मिलिसेकंदच पडदा उजळतो असे धरा. आठवा हिस्सा गुणिले दोन अकरांश, म्हणजे चव्वेचाळिसावा भाग. उरलेली भरपाई पडदा प्रखर करून करावी लागते. टपाल तिकिटाएवढ्या सिलिकॉनच्या दोन तुकड्यांवर दोन्ही डोळ्यांचे मिळून २ कोटी ३० लाख पिक्सेल बसवायचे आणि तेही इतके तेजस्वी, हे काम खरोखर अवघड आहे. किंमत फुकाची नाही.

पण प्रखर पडदा आणि शेजारच्या चिपा तापतात. व्हिजन प्रोच्या वापरासाठी ॲपलने दिलेली हवेच्या तापमानाची मर्यादा ० ते ३० अंश सेल्सिअस आहे. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याचा पारा ४५ गाठतो. टिनाच्या छताखालची वर्गखोली दुपारी कशी असते, ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कोरड्या हवेत कूलर खोली तिशीच्या आसपास आणतो, म्हणजे मर्यादेच्या काठावर. जुलैत हवा दमट झाली की पाण्याची वाफ होईना आणि कूलर नुसता पंखा उरतो. आतला पंखा भोवतालचीच हवा ओढतो, त्यामुळे ३६ अंशांच्या खोलीत त्याचे फारसे चालत नाही. तापलेले यंत्र सूचना देते आणि थांबते.

शाळेसाठी आणखी दोन अडचणी आहेत. हे यंत्र १३ वर्षांखालील मुलांसाठी नाही, असे कंपनीच सांगते. सातवीपर्यंतच्या शाळेत मग घालणार कोण? दुसरे म्हणजे चेहऱ्यावर टेकणारी गादी ज्याच्या त्याच्या चेहऱ्याच्या मापाची लागते. आत चष्मा मावत नाही. नंबरची वेगळी भिंगे बसवावी लागतात. चाळीस पोरांच्या वर्गात हे फिरवता येत नाही. सोबतची ३५३ ग्रॅमची बॅटरीही पहिल्या आवृत्तीत जेमतेम दोन तास टिकायची.

‘हेडसेट घालून पऱ्हाटीत (कपाशीत) फिरा, कीड दिसेल’ हा दावा तर सोडूनच द्या. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत असते आणि कॅमेरा बोंडाच्या आत पाहत नाही. त्यासाठी शेतात वेगवेगळ्या जागची २० हिरवी बोंडे तोडून फोडायची. दोनांत अळी किंवा तिचे नुकसान दिसले, म्हणजे १० टक्के, की उपाय करायचा. याला खर्च शून्य आहे. शाळेला पाच-सात हजारांचा साधा सूक्ष्मदर्शक घ्यावा. त्याखाली कांद्याच्या सालीतल्या पेशी मुलांना खऱ्या दिसतात, आणि सूक्ष्मदर्शक पंचेचाळीस अंशांतही चालतो.

नागपुरातल्या वातानुकूलित खोलीत वास्तुरचना किंवा शस्त्रक्रियेचा सराव करणाऱ्याला ही किंमत परवडू शकते. ग्रामपंचायतीने वा शाळेने लोकांच्या पैशातून ती देऊ नये, असे आमचे ठाम मत आहे.

कुणाकडे हेडसेट आलाच असेल तर वापर सकाळी नऊच्या आत उरकावा. कूलरच्या थेट झोतात बसू नये, त्यातून पाण्याचे तुषार आणि धूळ येते. भिंगे कोरड्या मऊ कापडानेच पुसावीत. आणि यंत्र खिडकीत भिंगे वर करून कधीच ठेवू नये. ज्या भिंगाने पोरे उन्हात कागद जाळतात, तेच काम इथे उलट दिशेने होते: ऊन पडद्यावर एका ठिपक्यात एकवटते आणि तिथला डाग कायमचा राहतो.